यादी ज्याच्या हाती, प्रकल्प त्याच्या मालकीचा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन शेजारी तालुके. एकीकडे रांजणगावची एमआयडीसी, दुसरीकडे कुरकुंभची एमआयडीसी आणि दौंडचे रेल्वे जंक्शन. ज्यांच्या बापांनी उसाच्या फडात, कंपनीच्या कंत्राटात किंवा रेल्वेच्या रुळांवर आयुष्य घालवले, त्यांची मुले-मुली आज बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, डिप्लोमा अशा वर्गांत बसत आहेत. घरातला पहिला पदवीधर, घरातला पहिला लॅपटॉप आणि तोही पुष्कळदा हप्त्यावर घेतलेला. समाजाने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे.

परंतु या मुलांच्या वाटेत एक धोंड आहे. ती पालकांना दिसत नाही, पुढाऱ्यांना कळत नाही आणि प्राध्यापकही तिच्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मुलगा सहा महिने खपून तयार करतो. तो त्याच्या लॅपटॉपवर चालतो, पण परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या संगणकावर चालत नाही. पडद्यावर लाल अक्षरे येतात, ‘क्लास नॉट फाउंड’. मुलगा म्हणतो, “सर, माझ्या मशीनवर चालतं.” परीक्षक मान हलवतात आणि पुढचा गट बोलावतात. मार्क गेले तर जाऊ द्या, पण मुलाच्या मनात जे बसते ते जात नाही. ‘हे आपले काम नव्हे’ असे त्याला वाटू लागते. वास्तविक त्याचा कोड बरोबर असतो. चूक एवढीच, की तो कोड कशाकशावर उभा आहे याची यादी कुठेच लिहिलेली नसते.

या यादीचा प्रश्न तांत्रिक आहे, पण तो केवळ तांत्रिक नाही. ज्ञान कोणाच्या हाती राहते, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न येथे नव्या रूपात उभा आहे.

फाईल दिली, फॉन्ट दिला नाही

आपल्या वाचकांपैकी ज्यांनी कधी १४ एप्रिलचे पत्रक किंवा १ जानेवारीचा फलक डीटीपीवाल्याकडे करून घेतला असेल, त्यांना हे चटकन कळेल. मजकूर श्रीलिपीत किंवा सीडॅकच्या आयएसएममध्ये टाईप केला आणि फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो, की तिथे मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसत. फाईल तीच, अक्षरे मात्र नाहीत. कारण अक्षरांचा फॉन्ट पहिल्या दुकानातल्या संगणकात होता, फाईलमध्ये नव्हता. मजकूर फॉन्टवर अवलंबून होता आणि ते अवलंबून असणे कुठे नोंदलेले नव्हते. पुढे युनिकोड आले, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधून देता येऊ लागला, तेव्हा हा त्रास कमी झाला.

सॉफ्टवेअरचे तसेच आहे. आज कोणीही सगळा कोड स्वतः लिहीत नाही. डेटाबेसशी बोलायला एक तयार गाठोडे, तारखा हाताळायला दुसरे, पीडीएफ काढायला तिसरे. या गाठोड्यांना लायब्ररी म्हणतात, आणि आपला प्रकल्प त्यांच्यावर अवलंबून असतो म्हणून त्यांना त्या प्रकल्पाच्या डिपेंडन्सी म्हणतात. शिवाय पुष्कळ लायब्ररी आणखी दुसऱ्या लायब्ररींवर अवलंबून असतात. विद्यार्थ्याने हाताने पाच घेतल्या तर प्रत्यक्षात पन्नास आत येतात.

प्रश्न असा, की या पन्नासांची नोंद कुठे राहते? जावा शिकणाऱ्या मुलाला एक्लिप्स नावाचे साधन दाखवले जाते. त्यात ‘बिल्ड पाथ’ नावाची जागा आहे. तिथे बटण दाबायचे, डाऊनलोड केलेली जार फाईल निवडायची, झाले. पण एक्लिप्स ही नोंद स्वतःच्या फाईलमध्ये, स्वतःच्या पद्धतीने ठेवते आणि त्यात बऱ्याचदा त्या एका लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता असतो. गटातली दुसरी मुलगी नेटबीन्स वापरते, त्याची नोंद वेगळी. तिसरा इंटेलिजे वापरतो, त्याची तिसरी. प्रकल्प एक आणि याद्या तीन. त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि प्रत्येकजण आपले खरे मानतो. परीक्षेच्या दिवशी जे फुटते ते हेच.

कोणते शिरूर?

यावरचा उपाय नवा नाही आणि महागही नाही. यादी साधनात ठेवायची नाही, प्रकल्पात ठेवायची. जावासाठी मॅव्हेन नावाचे मोफत साधन वीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. त्यात पोम डॉट एक्सएमएल नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. प्रत्येक लायब्ररीसाठी तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या घराण्याची, नाव काय, आवृत्ती कोणती. तीनच का? नुसते ‘शिरूर’ म्हटले तर पत्र कुठे जाईल? पुणे जिल्ह्यातले घोडनदीचे शिरूर, बीडचे शिरूर कासार, की लातूरचे शिरूर अनंतपाळ? पत्ता पूर्ण लिहिला तरच टपाल पोहोचते. लायब्ररीचेही तसेच आहे. एक्लिप्स, नेटबीन्स, इंटेलिजे ही तिन्ही साधने पोम वाचू शकतात. म्हणजे गटातल्या तिघांनी तीन साधने वापरावीत, खुशाल वापरावीत, यादी मात्र एकच राहते. पायथनमध्ये हेच काम रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी करते, जावास्क्रिप्टमध्ये पॅकेज डॉट जेसन.

आवृत्तीचा आकडा तर जीव की प्राण. मायएसक्यूएलला जावाशी जोडणाऱ्या लायब्ररीची आठवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या ड्रायव्हरचे नावच बदलले. जुन्या नोट्समधला कोड अजून जुने नाव सांगतो. जावाच्या ११ व्या आवृत्तीतून २०१८ साली एक्सएमएल हाताळणारा जॅक्सबी हा भाग काढून टाकला, तो आता वेगळा घ्यावा लागतो. याहून मोठा घोळ ‘जावाएक्स’चा. ओरॅकल कंपनीने जावाचा सर्व्हरवरचा भाग २०१७ पासून एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायला घेतला, पण ‘जावाएक्स’ या नावाचा पुढील वापर करण्याबाबत तडजोड झाली नाही. परिणामी २०२० मध्ये सगळीकडे ‘जकार्ता’ हे नाव आले. टॉमकॅट ९ ला जुने नाव कळते, टॉमकॅट १० ला नवे. इंग्रजांच्या वेळापत्रकातले ‘धोंड’ म्हणजेच आपले दौंड, हे माणसाला कळते. संगणकाला कळत नाही. नाव एका कंपनीच्या मालकीचे राहिले आणि त्याची किंमत जगभरच्या विद्यार्थ्यांनी मोजली. प्रयोगशाळेत टॉमकॅट ९ आणि घरी टॉमकॅट १० असेल, तर दौंडच्या मुलीचा सर्व्हलेटचा प्रकल्प अडणारच. यात तिच्या बुद्धीचा काय दोष?

एक यादी, दोन निकाल

यादी लिहिली म्हणजे संपले असेही समजू नये. समजा, आपण ‘अ’ आणि ‘ब’ या दोन लायब्ररी घेतल्या आणि त्या दोघींना तिसरी ‘क’ हवी आहे. एकीला ‘क’ची जुनी आवृत्ती हवी, दुसरीला नवी. मग घ्यायची कोणती? मॅव्हेन पाहतो की कोण जवळचा. जी आवृत्ती आपल्या प्रकल्पापासून कमी पायऱ्यांवर आहे ती तो घेतो, आणि पायऱ्या सारख्या असतील तर यादीत जिचे नाव आधी लिहिले तिच्याकडून आलेली. ग्रेडल नावाचे दुसरे साधन पाहते की कोण नवा, आणि सर्वांत नवी आवृत्ती घेते. म्हणजे शिरूरच्या मुलाने मॅव्हेन वापरले आणि दौंडच्या मुलीने ग्रेडल, तर तीच यादी देऊनही दोघांच्या हाती वेगवेगळे प्रकल्प येऊ शकतात. जावास्क्रिप्टच्या जगातले एनपीएम तर दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवते. पायथनमध्ये एका वेळी एकच राहते.

म्हणून जिथे वाद आहे तिथे आवृत्ती स्वतः स्पष्ट लिहावी, साधनाच्या मर्जीवर सोडू नये. त्याचबरोबर ‘लॉक फाईल’ जपावी. आपली यादी सांगते की आपण काय मागितले. लॉक फाईल सांगते की प्रत्यक्षात काय मिळाले, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. पॅकेज डॉट जेसनमध्ये आकड्याआधी टोपीसारखे चिन्ह असते. त्याचा अर्थ, यापेक्षा थोडी नवी आवृत्ती आली तरी चालेल. आज मागवले तर एक मिळेल, परीक्षेच्या आठवड्यात मागवले तर दुसरी. लॉक फाईल प्रकल्पासोबत दिली तर सर्वांना तेच मिळते. पुष्कळ विद्यार्थी ही फाईल कचरा समजून पुसून टाकतात, कारण तिचे महत्त्व त्यांना कोणी सांगितलेले नसते.

न लिहिलेले ज्ञान कोणाला मिळते?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हे सगळे इतके साधे आहे, तर आपल्या मुलांना ते का ठाऊक नाही?

कारण हे ज्ञान पुस्तकातून कमी आणि नात्यागोत्यातून जास्त फिरते. ज्याच्या घरात आधीच इंजिनिअर आहे, ज्याचा मामा खराडीत आणि काका कॅलिफोर्नियात आहे, तो लाल अक्षरे दिसताच फोन उचलतो. पाच मिनिटांत त्याला कळते की जार हाताने चिकटवायची नसते, पोममध्ये लिहायची असते. आपल्या वस्तीतल्या मुलाच्या फोनमध्ये असा नंबर नाही. मग तो कोणाकडे जातो? पुण्यात तयार प्रकल्प विकणारी दुकाने आहेत. तिथे झिप फाईल मिळते, यादी मिळत नाही. चालवून द्यायचे पैसे वेगळे, संगणक बदलला की पुन्हा वेगळे. यादी दुकानदाराच्या डोक्यात राहते आणि मुलगा गिऱ्हाईक राहतो. ज्ञान लिहायचे नाही, मागणाऱ्याला तुकड्या-तुकड्याने द्यायचे आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगायचे, ही पद्धत या देशात कोणी रूढ केली हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

गावगाड्यातले महार वतन आठवा. त्या वतनाचे खरे दुखणे काय होते? कामाची यादी नव्हती. सरकारचे काम, गावाचे काम, पाटलाचे काम, रात्री-अपरात्री केव्हाही हाक आली की निघायचे. मोबदला मात्र बलुत्याच्या रूपाने गावाच्या मर्जीवर. १८७४ च्या वतन कायद्याने ही रचना टिकवून धरली. तिच्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने संपली. माणूस माणसावर अवलंबून असतो, याला बाबासाहेबांचा विरोध नव्हता. ज्या अवलंबून असण्याला मर्यादा नाही, हिशेब नाही आणि सुटका नाही, त्याला त्यांचा विरोध होता. संगणकाचा प्रकल्प आणि माणसाची गुलामी यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही, ती होऊही शकत नाही. पण धडा घ्यायला हरकत नाही: न लिहिलेले बंधन नेहमी दुबळ्याच्या गळ्यात पडते. लिहिलेल्या गोष्टीवर बोट ठेवून भांडता येते.

नोकरीतही हेच दिसते. कंपनीत कोड तपासणाऱ्या सर्व्हरवर कोणी एक्लिप्स उघडून बटण दाबत नाही. तिथे एक आज्ञा दिली जाते आणि यंत्र प्रकल्पातली यादी वाचून सगळे बांधते. ज्याला फक्त बटण माहीत आहे तो पहिल्या दिवशीच गोंधळतो आणि त्याला ‘बेसिक कच्चे’ असा शिक्का बसतो. मग ‘गुणवत्ता’वाले आहेतच तोंड उघडायला. ज्याला ही यादी ठाऊक आहे तो मराठी माध्यमातून शिकलेला असो, इंग्रजी अडखळत बोलणारा असो, पहिल्या दिवशी प्रकल्प चालवून दाखवतो.

जगालाही हा धडा महागात पडला

कोणी म्हणेल, हे विद्यार्थ्यांचे किरकोळ प्रश्न आहेत. तसे नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतली आणि जगभरातले कितीतरी मोठे प्रकल्प बांधले जाईनासे झाले. आपण तिच्यावर अवलंबून आहोत हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकच नव्हते, कारण ती चार पायऱ्या खाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावाच्या लायब्ररीत गंभीर भगदाड सापडले. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० आकडा मिळाला. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचे लोक रात्र-रात्र एकच शोधत होते: आपल्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ही लायब्ररी आहे? ज्यांच्याकडे यादी होती त्यांना उत्तर लवकर मिळाले. बाकीचे चाचपडत राहिले. ती लायब्ररी सांभाळणारे तर बिनपगारी स्वयंसेवक होते. सगळे त्यांच्या श्रमावर उभे, पण त्यांची आठवण संकटातच आली. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. मार्गदर्शन निघाले हे चांगले झाले. पण अंमलबजावणीचे काय? आज मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर जातो, शेतकऱ्याचा सातबारा संकेतस्थळावर मिळतो. ‘हे संकेतस्थळ फक्त इंटरनेट एक्स्प्लोअररमध्ये चालेल’ अशा पाट्या आपण सरकारी पानांवर वर्षानुवर्षे वाचल्या, आणि तो एक्स्प्लोअररच मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये बंद केला. सरकारी व्यवस्था बांधणारा ठेकेदार बदलला आणि जुन्याने यादी दिली नाही, तर नव्याला सहा महिने फक्त ‘हे कशावर उभे आहे’ हे शोधण्यात जातील. तोवर ज्याची फी थांबेल तो मुलगा आपल्याच वस्तीतला असेल. म्हणून सॉफ्टवेअरच्या प्रत्येक सरकारी करारात मूळ कोड, डिपेंडन्सींची संपूर्ण यादी आणि लॉक फाईल शासनाच्या ताब्यात देण्याची अट असली पाहिजे. ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात केली पाहिजे. पैसा जनतेचा आहे, यादीही जनतेची हवी.

काय करता येईल?

शिरूर आणि दौंडची महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाने प्रकल्पाच्या परीक्षेत एक साधी अट घालावी: प्रकल्प परक्या, कोऱ्या संगणकावर, केवळ सोबतच्या यादीवरून बांधून दाखवावा. त्याला स्वतंत्र गुण असावेत. मग विकत घेतलेल्या झिप फाईलींचा बाजारही आपोआप बसेल. मात्र अट घालण्याआधी शिकवावे लागेल. न शिकवता परीक्षा घेणे ही पुन्हा गाळण्याचीच युक्ती ठरेल.

इंटरनेटची सबब पुढे येईल. मॅव्हेनला पहिल्यांदा लायब्ररी उतरवायला इंटरनेट लागते आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत ते रडतखडत चालते, हे खरे आहे. पण मॅव्हेन एकदा उतरवलेली प्रत संगणकात साठवून ठेवतो आणि नंतर इंटरनेटशिवाय चालू शकतो. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर सामायिक साठा ठेवला तर उरलेले सगळे त्याच्याकडून घेतील. त्यासाठी मोफत साधने आहेत. पायथनच्या लायब्ररीही एकदा उतरवून पेन ड्राईव्हवरून वाटता येतात. खर्च थोडा आहे, इच्छा हवी.

अलीकडे दुसरी सबब ऐकू येते, की आता कोड एआयच लिहून देते, मग हे कशाला शिकायचे? एआय कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे नाव ठोकून देते, आणि तेच नाव घेऊन कोणी लबाड माणूस विषारी लायब्ररी ठेवू शकतो. यादीतले प्रत्येक नाव काय आहे, कोणाचे आहे आणि कशासाठी घेतले, हे माणसालाच तपासावे लागते. बुद्धांनी कालामांना सांगितले ते येथेही लागू पडते: कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या.

आणि शेवटी आपले काम. तालुक्यात, गावोगावी विहारे आहेत, अभ्यासिका आहेत. तिथे स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात, ती असावीतच. त्याच्या शेजारी एक संगणक ठेवा. नोकरीला लागलेल्या आपल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार दौंडची गाडी किंवा शिरूरची एसटी पकडून तिथे यावे आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प कोऱ्या संगणकावर चालवून पाहावेत. जे चालत नाहीत त्यांची यादी मुलांकडूनच लिहून घ्यावी, आपण लिहून देऊ नये. ज्याच्या फोनमध्ये मामाचा नंबर नाही, त्याच्यासाठी समाजाने मामा व्हायचे असते. पे बॅक टू सोसायटी म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

महाडला १९२७ साली जे पाणी सर्वांसाठी खुले होते त्यावर आपला हक्क आपण बजावला. आज जगभरच्या लायब्ररींचे सार्वजनिक साठे असेच खुले आहेत. तिथे जात विचारली जात नाही, फीही घेतली जात नाही. पण तिथपर्यंतची वाट ठाऊक असावी लागते आणि आपण काय घेतले, किती घेतले, कोणते घेतले याची नोंद आपल्या हाताने ठेवावी लागते. मुलांनो, प्रकल्पाची पहिली फाईल उघडाल तेव्हा पहिले काम यादीचे करा. ती साधनाच्या पोटात ठेवू नका, दुकानदाराच्या डोक्यात ठेवू नका. लिहून काढा आणि प्रकल्पासोबत द्या. मग तो शिरूरला चालेल, दौंडला चालेल आणि खराडीतल्या कंपनीतही चालेल.